ओळीआधी एक खूण

क्लाक्सविकच्या शाळेत बावीस संगणक.
सुट्टीत मी एकेक उघडते,
कुठून काय मागवायचं, ती यादी चालवून बघते.
पहिले चार पत्ते मुकाट माल धाडतात.
पाचव्याशी अडतं:
सहीची मुदत संपली. विश्वास ठेवता येत नाही.

हेर्गेरच्या सहीवर?

बोटीवरून उतरला, की हाताचा मासळीचा वास न जाताच
तो तळघरातल्या जुन्या डब्यात
आमच्या भाषेचे शब्द भरत बसायचा,
पोरांचं चुकलं तर खाली लाल रेघ उमटावी म्हणून.
दर मंगळवारी नवी आवृत्ती.
एकदा तर अख्खी आवृत्ती एकाच शब्दासाठी:
मेंढी कुणाची ते कळावं म्हणून
कानाला देतात त्या कापाचं नाव.
मी हसले होते.

फेब्रुवारीत तो गेला.
किल्ली त्याच्यामागे चार महिने चालत राहिली,
तिला कुणी कळवलंच नव्हतं.

मेलेला पत्ता पुसून टाकावा, हा नियम.
मी ओळीच्या सुरुवातीला # मारते.
आता यंत्र ती ओळ वाचणार नाही.
मी वाचते.

आलेले शब्द आहेत तिथेच आहेत.
नवा येणार नाही.

सहावा संगणक. इथंही तेच, #.
अजून सोळा.