मालकाचा रकाना

अर्जात मालकासाठी एकच ओळ होती,
ठिपक्यांची,
आणि आम्ही एकशे अडतीस खोल्या.
कोपरखैरणे, माथाडी वसाहत, बी गल्ली.

"नाव एकाचंच लागतं," वॉर्ड ऑफिसातला कारकून म्हणाला,
पेनाचं टोपण दातात धरून.
पालिकेचे पैसे मंजूर होते. अर्धे.
उरलेले आमच्या भिशीतून,
कुणाच्या थकलेल्या वाराईतून,
शेवंताकाकूंनी डब्यांच्या हिशेबात दडवलेल्या नोटांतून.
आणि नाव एकाचंच.

सर्जेराव पिसाळ, चाळीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात,
त्यांनी अर्ज उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
"टोळीला मुकादम असतो साहेब,
पण म्हणून गोणी त्याची होते का?"

कारकुनाने टोपण दातातून काढलं.
पुरवणी जोडा, म्हणाला.
आम्ही सात पानं जोडली.
सह्या, अंगठे, आणि चहाचा एक गोल डाग,
तोही आमच्यातल्याच कुणाचा तरी.

मग रस्ता खणला. पाण्याची लाइन दोनदा फुटली.
केबलवाला किरण गटाराच्या कडेला उभा राहून
हसला नाही, रागावला नाही,
"तीन महिने," एवढंच बोलला, "याल परत."

तार बघायला गल्ली जमली. केसाएवढी काच.
"एवढीच?" शेवंताकाकू म्हणाल्या,
"हिच्यात माझे सहाशे रुपये कुठं आहेत?"

तीन महिने कसले,
अकराव्या दिवशी बंद पडलं.
रात्री पावणेदोन.
झोपेतच मी फोन घेतला, तक्रार करायला,
आणि नंबर लावता लावता कळलं
की तो माझाच आहे.

गाऊनवर ओढणी घेतली, बॅटरी घेतली.
बालवाडीच्या माळ्यावर, बाद वजनकाट्याशेजारी आमचा खोका.
उंदराने त्याचं काम चोख केलेलं.
रोशन जमादार वर चढला,
काचेला काच वितळवून जोडत बसला,
ओठ मिटून, सुईत दोरा ओवल्यासारखा.
चार तारा. तीन झाल्या.
"ताई, ही एकतीस नंबरची. जोडू?"

एकतीसची वर्गणी थकलेली.
थकबाकीदाराची तार काढावी, हा ठराव
माझ्याच अक्षरात आहे,
खाली दोन रेघा मारून.

मी काही बोलले नाही.
शिडी धरून उभे सर्जेराव म्हणाले,
"टोळीत माणूस आजारी पडला
तर त्याची पाठ रिकामी असते.
वाटणी नाही."
आणि खोकले, बराच वेळ.

दिवे हिरवे झाले, एकेक करून.
एकतीसचा सगळ्यात उशिरा,
की मलाच तसं वाटलं.
ठरावाचं काय करायचं ते रविवारी बघू. भांडण होईलच.

खाली उतरलो तर
शिडी कुणाची, कुणालाच आठवेना.
बालवाडीच्या भिंतीला टेकवून
आम्ही झोपायला गेलो.