बासष्ट नंबरचा प्लॉट

पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये रात्रीचे साडेदहा.
भिंतीपलीकडे शीतगृहाचा कॉम्प्रेसर घुमतोय
आणि मला हवंय एवढंच:
प्रत्येक प्लॉटचं शेवटचं ब्रिक्स.
एकशे चौदा प्लॉट, नऊ हजार नोंदी.
पहाटे कात्री कुठे लागणार, ते यावर.

पहिली वाट सरळ.
प्लॉटवार गट पाडायचे, सगळ्यात अलीकडची वेळ काढायची.
पण वेळ एकटीच येते, साखर बरोबर आणत नाही.
मग तिचं बोट धरून पुन्हा त्याच टेबलाच्या दारात:
ही तुमच्यातल्या कुणाची?

दुसरी वाट जरा खवचट.
टेबल स्वतःलाच जोडायचं, डावीकडून,
आणि ओळीओळीला विचारायचं,
तुझ्यानंतर तुझ्या प्लॉटात कुणी आलं का गं?
जिची उजवी बाजू रिकामी राहिली
ती ठेवायची.

मला आवडते ती खिडकीची.
प्लॉटवार रांगा, नवी नोंद पुढे,
प्रत्येकीच्या हातात क्रमांक,
एक नंबरवालीला म्हणायचं, चल.
मागच्यांचा आवाजसुद्धा येत नाही.

पहिल्या वाटेने एकशे पंधरा ओळी आल्या.
दुसरीनेही तेवढ्याच.
खिडकीतून एकशे चौदा.

चहा गार झाला तेव्हा सापडलं:
प्लॉट बासष्ट, अलका बोरस्ते,
दुपारी चार बारा, सतरा पॉइंट दोन.
दुपारी चार बारा, पंधरा पॉइंट आठ.
दोघी एकदमच दारात,
आणि माझ्या लाडक्या खिडकीने
कुणाला न विचारता एकीला आत घेतलेलं.

दत्तू निमसेला झोपेतून उठवलं.
"मॅडम, दोन्ही खऱ्या.
एक उन्हाकडच्या ओळीतली,
एक लिंबाच्या सावलीतली.
बांधावर रेंज नव्हती, ओझरला आल्यावर
दोन्ही संगंच गेल्या वर."

सोळाच्या खाली माल कंटेनरात चढत नाही.
मी क्रमाच्या ओळीत वेळेच्या मागे
एक शब्द वाढवला: साखर,
कमी आधी.
एवढाच. स्वल्पविरामासकट.

बासष्टची कात्री गुरुवारवर गेली.
अलकाताईंना सकाळी फोन मीच करणार,
काय सांगायचं ते अजून जमत नाहीये.

आडगाव नाक्यावर सिग्नल बंद होता.
गाडीत बसून उगाच वाटत राहिलं,
सतरा पॉइंट दोन कुठे गेलेली नाही,
टेबलात आहे,
तिच्या उन्हासकट,
दोन नंबरवर.