जुजबंदी

उजव्या गुडघ्यावर एकतीस पिना.
डाव्यावर एकही नाही, नुसती चकचकीत रेघ,
गोगलगाय सरकत गेल्यासारखी.
हेल्यो पिह्लाक, वय एकाहत्तर, राहणार तार्तू,
एकाच सकाळी दोन्ही गुडघे बदललेले.
कुठल्या गुडघ्याला काय, हे डॉक्टर लेपिकांनी नाही ठरवलं,
संगणकाने ठरवलं, नाणं उडवल्यासारखं.

माझं काम चौदाव्या दिवशी पिना काढणं.
मधोमध दाबायचं, दोन्ही टोकं आपसूक वर येतात,
मग ट्रेमध्ये टिण्.
ती मोजत होती, आवाज न करता, ओठांनी.
सतराव्याला कळवळली,
आणि मलाच म्हणाली, तुझी चूक नाही गं,
ही मुळातच वाकडी मारलेली.

चाळीस वर्षं तिने पुस्तकं बांधली,
विद्यापीठाच्या तळघरात, नदीच्या इतक्या जवळ
की बर्फ वितळायला लागलं
की आधी खालच्या फळीवरचे ग्रंथ वर हलवायचे.
"पिना पत्रकांना मारतात," ती म्हणाली.
"बारा पानं, घाईचं काम. निवडणुका, बसची वेळापत्रकं.
पुढे गंजतात, पानावर तांबूस डाग सोडतात.
डिंकाने चिकटवायच्या त्या कादंबऱ्या.
एकदा वाचायच्या. उन्हात ठेवल्या की पाठ तडकते."
आणि दोरा?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी विचारलं होतं, पावात पीठ कशाला.

फॉर्मवर प्रश्न: वेदना, शून्य ते दहा.
उजवा, तीन. डावा, दोन.
मग खोडून डावाही तीन.
एकाला कमी दिलं तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणे.
हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती.
मी समासात लिहिलं.
लेपिकांनी ते काट मारून खोडलं, नियमाप्रमाणे,
बाजूला तारीख आणि सही.

पुढच्या मंगळवारी डाव्या रेघेचं एक टोक उचकटलेलं.
मी दिवा ओढला. ताप? पाणी येतंय? लाली?
ती खिडकीबाहेर बघत राहिली,
पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं.
शेवटी कबूल केलं: नखाने तपासून पाहिलं.
"डिंक चांगला आहे. लावणाऱ्याला घाई होती. कडेला जाड झालाय."

तेव्हा मी सांगितलं, जे तिला कुणीच सांगितलं नव्हतं:
की हे सगळं वरच्या कातडीपुरतं.
खाली सांध्याच्या पिशवीला, त्यावरच्या चरबीला
दोन्हीकडे दोराच आहे.
थरावर थर, आतल्या आत विरघळणारा,
आणि विरघळेपर्यंत तुम्ही स्वतःच जुळलेल्या असता.

बराच वेळ ती बोलली नाही.
दोन्ही तळवे दोन्ही गुडघ्यांवर ठेवले, सपाट,
शिकंज्यात घालण्याआधी बांधलेल्या प्रतीवर ठेवतात तसे.
"म्हणजे जुजबंदी केलीय," ती म्हणाली.
"मग पुठ्ठा कसला का असेना."
आणि कुबड्या मागितल्या.

वर्षाने निकाल लागला. सगळ्या रुग्णांचा मिळून
लक्षणीय फरक आढळला नाही.
पिनांनी चार मिनिटं वाचतात, एवढंच.
चार मिनिटांत लेपिक कॉफी संपवतात, उभ्यानेच.
हेल्योबाईंनी निकालाचा कागद मागवून घेतला.
कोपऱ्यात तो पिनेने टाचलेला होता,
ती काढूनच त्यांनी वाचायला घेतला.

माझ्या वडिलांच्या मांडीवर काळ्या रेशमाची खूण होती.
लाकडाची वखार, एकोणीसशे सदुसष्ट,
करवतीचं पातं निसटलं.
अकरा टाके, सुरवंट चिकटल्यासारखे, तिरके,
कुणी घातले ते त्यांना आठवत नसे,
दारूचा वास येत होता एवढं आठवे, डॉक्टरच्या तोंडाला की जखमेला, कोण जाणे.
कसलाही फॉर्म नाही. शून्य ते दहा नाही.
दुसरी मांडी होती की शेजारीच, शाबूत,
पण तुलना करायला कुणी आलं नाही.
शनिवारी सॉनात, वाफेत,
मी त्या खुणेवरून बोट फिरवायचे, एकेक टाका,
आणि ते डोळे मिटूनच विचारायचे,
आहेत ना सगळे?