चिठ्ठी बदलताना

कुचिंगच्या वनस्पतिसंग्रहालयात
एसी रात्रंदिवस खोकत असतो.
अकरा नंबरचं कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास
आणि जुन्या वर्तमानपत्रांत निजलेली
अंजिरकुळातली साडेतीनशे माणसं.
माणसंच म्हणते मी.
पानं म्हटलं की हात निष्काळजी होतो.

आज यातल्या सतरा जणांचं घर बदलायचंय.
प्रयोगशाळेतून यादी आलीय,
सोबत दोन वंशवृक्ष,
दोन्ही एकमेकांना खोटं पाडणारे.
एक हरितकणांतून वाचलेला, तो निव्वळ आईकडचा,
बीसोबत धनेशाच्या पोटातून आलेला.
दुसरा केंद्रकातून. त्यात बापही बोलतो,
जो मैलोन् मैल वाऱ्यावर आला
कणीहून बारीक गांधीलमाशीच्या छातीवरच्या खिशात.

फुलं आत, दार सुईच्या नेढ्याएवढं.
कधी काळी एखादी माशी दार चुकली,
परक्या फळात घुसली, पंख उंबऱ्यावरच तुटले,
परत फिरणं नव्हतंच.
तिच्या चुकीची नातवंडं
माझ्या टेबलावर पडलीत.

बातांग आई नावाची नदी आहे.
आमच्या इबानमध्ये आई म्हणजे पाणी.
तिच्या वरच्या अंगाला इंदाई रिन्यानं मला
‘कारा’ ओळखायला शिकवलं.
इंदाई रिन्या, म्हणजे रिन्याची आई.
लेक झाली की बाई लेकीच्या नावावर जाते,
नाव खालून वर चढतं.
ही झाडं उलटी, फांदीत रुजून
मुळं खाली सोडणारी.

तिची वर्गवारी सोपी होती:
हा धनेशाचा, हा वाघळांचा,
हा रानडुकरांचा, याची फळं बुंध्याशी मातीतच धरतात.
‘आणि हा?’ मी विचारलं.
आतलं झाड कधीच कुजून गेलेलं,
नुसती मिठी उभी होती.
‘तो कुणाचा नाही. त्याच्यात ते राहतात.
शेतासाठी रान तोडलं तरी त्याला हात लावायचा नाही.’
वहीत तसा रकाना नव्हता.
मी लिहिलं: उंची पस्तीस मीटर. चीक पांढरा.

जुनी चिठ्ठी काढायची नाही, हा इथला कायदा.
नवी शेजारी डकवायची, तारीख घालून,
म्हणजे पुढच्याला कळतं कोण कधी चुकलं.
एका कागदावर पाच चिठ्ठ्या आहेत,
सर्वांत जुनी १९१२ची, साहेबाच्या तिरक्या शाईत,
आणि फांदी कोपऱ्यात, पाहुण्यासारखी अंग चोरून.

सतरावा कागद शेवटी घेतला.
संग्राहक: रिन्या.
म्हणजे मी.
आईचं नाव मी पहिल्यांदा वाचलं
दवाखान्याच्या कागदावर, सही करताना.
मेंगान.
दोनदा वाचलं, वाटलं दुसऱ्या कुणाचा कागद दिलाय.

नवं लॅटिन नाव लिहिते, नीट, टाकानं.
खाली बोटभर जागा उरते.
तिथं लिहिते: माहिती सांगणारी, मेंगान.
यादीत हे नाही. सुपरवायझर विचारील.

डिंक ओला आहे.
कोपरा सुटू नये म्हणून
अंगठा दाबून उभी आहे.