तेवीस

सुरुवातीला मी त्यांना पाण्यात पाहायचे.
हसू नका, खरंच डोळ्यात सलायचे.
सातशेवीस लिटरची काच बैठकीच्या खोलीत आली
आणि माझं शिवणयंत्र गेलं माळ्यावर.
एवाल्ड तळघरात उतरला, जमिनीला भार पेलेल का बघायला.
चार खांब दिले त्याने छताला,
कोळशाच्या थराखाली देतात तसेच, पाचर मारून,
मग हातोडीने ठोकून
कान लावून ऐकत राहिला.
वर मी विचारलं, काय म्हणतंय?
म्हणाला, धरेल.

मासे बोटाच्या दोन पेरांएवढे.
अंग चांदीचं, शेपटीवर काळेपांढरे पट्टे,
आणि नाक लाल,
सर्दीतून नुकते उठल्यासारखं.
दुकानातली मुलगी सांगत होती,
दहापेक्षा कमी नेऊ नका.
एकटा ठेवलात तर लगेच मरत नाही तो,
फिका पडतो.
एवाल्डने तेवीस मागितले.
वीस घ्या, पंचवीस घ्या, ती म्हणाली, हिशेबाला सोपं.
तेवीस, हा म्हणाला.

पाणी बिघडलं की आधी नाकाची लाली उतरते.
त्याच्या आजोबांच्या वेळी
खाली पिंजऱ्यातून पिवळा पक्षी न्यायचे.
तो मरून सांगायचा, एवाल्ड म्हणाला.
हे बरे. हे न मरता सांगतात.

दर शनिवारी तो जुन्या कोळसाटेकडीवर जातो,
राखेत लावलेल्या अल्डरची काळी बोंडं खिसाभर आणतो,
पाण्यात टाकतो. पाणी कोऱ्या चहासारखं होतं.
मग बादल्या. अकरा बाहेर, अकरा आत.
गुडघे कुरकुरतात, त्याचे आणि जमिनीचे.

खाण बंद होऊन वर्षं झाली
पण गावाखालचे पंप चालूच आहेत.
ते थांबले तर गेल्सनकिर्खनचं तळं होईल, म्हणतात.
रात्री घरात फिल्टरची घरघर ऐकताना
मला कळत नाही, कोण कुणाला कोरडं ठेवतंय.

नऊ वाजता दिवा मंद करून तो मोजतो.
सोपं नसतं.
एक वळला की सगळे वळतात,
अकरापर्यंत येतो आणि अकरावा पहिला होऊन बसतो.
ओठ हलत असतात. मी विणते.
तेवीस झाले की खुर्ची मागे सरते.
कधीतरी मला उमगलं
की फाटकाजवळच्या फळीवर
त्याच्या पाळीचे पितळी बिल्ले तेवढेच होते.
मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एक गेला.
सकाळी मलाच दिसला, मुळाच्या मागे, पांढऱ्या नाकाचा.
चमच्याने काढला,
बर्फ उकरून गुलाबाखाली पुरला,
चमचा दोनदा धुतला.

त्या रात्री तो मोजत राहिला.
बावीस. पुन्हा. बावीस.
चष्मा पुसला, काचेच्या बाजूला जाऊन उभा राहिला.
तू मोज, म्हणाला.

मला एकाहत्तरचा मार्च आठवला.
फाटकाशी आम्ही बाया, पोटात सहा महिन्यांची माझी उर्सुला.
कारकून बाहेर आला, माझ्याकडे बघून म्हणाला,
सगळे वर आलेत, घरी जा.
माझा जीव भांड्यात पडला. त्याच भांड्यात मी बटाटे शिजवले.
एवाल्ड आला पहाटे तीनला, काळा, न बोलता.
आल्फोन्स आलाच नाही. त्याचा बिल्ला कुणीतरी उलटा करून ठेवला होता.
त्या कारकुनाला शिव्या दिल्या मी कितीतरी वर्षं.
पण बटाटे शिजले होते. मूल पोटात नीट निजलं होतं.

मी लोकर खाली ठेवली.
काचेशी उभी राहून बोट फिरवत मोजलं,
सावकाश, त्याला ऐकू जाईल असं.
तेवीस, म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला.
नाक लाल झालं होतं, थंडीनेही होतं तसं.
मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला,
बरोबर.