मेथीच्या पाच रुपयांची नोंद

मामा विचारतो, “कसली म्हणायची ही पदवी?
समाजकल्याण खात्यात चिकटतीस काय?
मग माझ्या पोराचा अडकलेला दाखला तेवढा बघ.”
मी हसते.
तिसरं सत्र चालू आहे, आणि मलाही अजून एवढंच सांगता येतं :
सोमवारी कायदा, मंगळवारी आकडे,
मग नकाशे, मग माणसाचं शरीर,
आणि शनिवारी सगळं एकत्र कालवायचं.
कुठल्या भांड्यात, ते कुणी सांगत नाही.

लक्ष्मीपुरीच्या बाजारात एक्केचाळीस बायकांना विचारलं,
दिवसातून किती वेळा लघवीला जाता?
पहिल्या सातजणींपुढे तर
तो शब्दच नीट निघाला नाही तोंडातून.
कागदावर चार चौकोन होते :
कधीच नाही, एकदा, दोनदा, त्याहून जास्त.

वडणग्याच्या लगमाबाई चौगले
मेथीवर पाणी शिंपडत म्हणाल्या,
“भाजीला पाजतो तेवढंच. आमी न्हाई पीत.
पहाटं घोटभर च्या, मग रातच्याला घरात तांब्याभर.
ह्याला कंचा चौकोन हाय बघ तुज्याकडं.”

नव्हता.

नदाफ सर म्हणाले, एक्केचाळीस म्हणजे नमुना लहान पडतो.
मगदूम मॅडमनी विचारलं, कलम कुठलं लावणार?
नकाशात मुतारी होती, ठळक निळा ठिपका.
कुलपासाठी नकाशात खूण नसते.
आणि शरीराच्या तासाला
फळ्यावर मूत्रपिंड काढलेलं, शेजारी लिहिलेलं,
आकार घेवड्याच्या दाण्यासारखा.
लगमाबाईंच्या पाटीत घेवडा वीसला पावशेर.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले,
पाचवा चौकोन पट्टीने आखून.
त्यांनी कागद बघितलाच नाही.
“बस जरा हितं. जाऊन येतो,” म्हणाल्या
आणि गुडघ्यावर हात देत उठल्या,
भांड्यांच्या दुकानामागच्या दाराकडे,
जे मालकीण असली तरच उघडतं.

मी पोत्यावर बसले.
बाजार पहिल्यांदाच खालून दिसला :
पिशव्यांची बुडं, पँटच्या दुमडी,
चेहरे लांब वर,
भाव पाडायचा असला तरच खाली येणारे.
माझ्याच वर्गातली रेवती आली.
ओळखलं नाही तिने.
वर चार काड्या कोथिंबीर फुकट मागितली,
मी दिली.

चाळीस मिनिटं झाली. मलाही लागली होती.
पाटी कुणावर सोडणार?
तहान लागली म्हणून बाटली काढली,
झाकण उघडलं,
आणि तसंच लावून परत बॅगेत ठेवली.
ठेवल्यावर हाताकडे बघत राहिले.

लगमाबाईंनी येऊन पैसे मोजले.
“मेथी धाला दिलीस? पंधराची पेंडी?
पाच रुपय तुज्याकडं लागलं.”
मी द्यायला गेले तर मूठ मिटली त्यांनी.
“आत्ता नगं. तुज्या वहीत लिव.
म्हंजे परत येशील.”

अहवालाच्या शेवटच्या पानावर
संदर्भांच्या खाली तसंच लिहिलंय :
देणं, पाच रुपये, ल. चौगले, वडणगे.
मगदूम मॅडमनी लाल शाईत विचारलंय,
हे कुठल्या विषयात धरायचं?

मला अजून कळलेलं नाही.
किल्ली कुणाकडे असते, तेही विचारायचं राहिलंय.
रविवारी.