आलेखातला खड्डा

कॅनबेरातल्या त्या इमारतीच्या श्वासाचं गणित
मी मांडलं होतं.
दिवसा मिटलेल्या खिडक्या रात्री दोनला आपोआप उघडणार,
छताच्या उघड्या काँक्रीटनं
दिवसभर पोटात घेतलेली ऊब
गार वाऱ्याच्या हवाली करणार.
पावसाचं पाणी संडासांना, उन्हाची वीज लिफ्टला.
आणि दिवे: माणूस हलला तर लागतील,
सात मिनिटं कोणी हललं नाही तर विझतील.
सात हा आकडा माझा.
पाच ठेवले असते तर वाचत बसणारे चिडले असते,
दहा ठेवले असते तर एक तारा गेला असता.
खाली लॉबीत, काचेआड, प्रमाणपत्रावर
सहा आहेत.

ऑक्टोबरात आलेखात एक खड्डा दिसू लागला.
चौथा मजला, रात्री दोन वाजून दहा.
सफाईची वेळ, दिवे हवेत. दिवे नाहीत.
मग एकदम लख्ख.
तीन आठवडे, रोज.
वीज जास्त खाल्ली तर लोक फोन करतात,
कमी खाल्ली तर कोणी विचारत नाही.
मला मात्र झोप लागेना.

गेले. जिन्यानं, सवयीप्रमाणे.
झ्देन्का बारिशिच कोणाच्या तरी फिरत्या खुर्चीत बसलेली,
स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत,
व्हॅक्यूमची नळी मांडीवर आडवी,
आणि डोक्यावरच्या दिव्याभोवती
पतंग.
तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, शंभर तरी.
उघड्या खिडक्यांतून आलेले.
म्हणजे माझ्या.
बोगाँग म्हणतात त्यांना. मैदानातून डोंगराच्या कपारींकडे निघतात
आणि वाटेत आमचं शहर दिवे लावून बसलेलं असतं.

"बस," ती म्हणाली. "आणि हलू नकोस.
बोललीस तर चालेल. त्याला ऐकू येत नाही."
खरंच की.
सेन्सरला कान मी दिलेच नव्हते.

ती फक्त ओठ हलवत सांगत राहिली:
पहिल्या आठवड्यात नळीनं ओढले गेले,
पिशवी सोडली तर आत अजून फडफड.
मग फडक्यानं हाकलले, तर भिंतीवर पंखांची पूड,
आणि सकाळी कोणीतरी तक्रार लिहून गेलं.
मग एकदा पाय भरून आले म्हणून टेकली,
डोळा लागला, दिवे गेले,
जाग आली तेव्हा छत रिकामं.
"इमारतीला वाटतं, इथे कोणी नाही.
तसं वाटलं की हेही जातात."
तिच्या कंत्राटात एका मजल्याला चाळीस मिनिटं आहेत.
सात यांची.

मी तिला काँक्रीट समजावू लागले,
ऊब, वारा, रात्रीची झडती.
ती म्हणाली, "सिन्यजवळ आमचं दगडी घर होतं.
दिवसा झडपा बंद, रात्री सताड.
आई विसरली तर बाप ओरडायचा.
तुला याचा पगार किती मिळतो?"
हसू आलं. दाबलं.
दिवा गेला.

अंधार नव्हताच तसा.
बाहेरच्या पार्किंगचा पिवळा पट्टा जमिनीवर पडलेला.
आधी काहीच घडलं नाही.
मग वरची भिरभिर सैल झाली,
एकेक करून खिडकीच्या फटीकडे सरकू लागली,
घाई नसलेली,
कार्यालय सुटल्यावर निघतात तशी.
एक माझ्या पापणीवर टेकला.
पापणी चालते, तेवढं हलणं त्याला दिसत नाही,
हे मला पाठ आहे.
शिंक चालत नाही.

लख्ख.
निम्मे परत आले.
झ्देन्कानं माझ्याकडे बघितलंही नाही, छताकडे बघितलं.
अजून पाच मजले होते तिचे.
"पुन्हा," ती म्हणाली.
मी हात मांड्यांखाली दाबले
आणि बसले,
माझ्याच आकड्याची वाट बघत.